हजीऱ्याला दुचाकीवर जाताय? हेल्मेट, एमएच पासिंग आणि ट्रेलरचे नियम समजून घ्या

हजीरा (सुरत) : नवापूर, धुळे, जळगाववरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ सुरू होतो तो हजीऱ्यातून. पोलाद, खत, गॅसचे कारखाने आणि बंदर एकाच पट्ट्यात असल्याने इथे रात्रंदिवस ट्रेलर-टँकरची ये-जा असते. उधना, लिंबायत, डिंडोलीत राहणारे खानदेशी कामगारही याच गर्दीतून दुचाकीवर शिफ्टला जातात. राज्य बदलले तरी मोटार वाहन कायदा एकच आहे, हे मात्र अनेकांच्या लक्षात नसते.

हेल्मेट दोघांनाही
कलम १२९ नुसार चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट सक्तीचे आहे. चार वर्षांवरील मुलालाही ते लागते. पट्टा न बांधता नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट कायद्याने चालत नाही आणि पडल्यावर ते आधी निसटते. गुजरातमध्ये दंड ५०० रुपये आहे. सुरत शहरात १५ फेब्रुवारी २०२५ पासून कडक कारवाई सुरू झाली. घेताना आयएसआय मार्क बघूनच घ्या.

एमएच पासिंगची गाडी
एमएच-३९, एमएच-१८ किंवा एमएच-१९ ची गाडी गुजरातमध्ये चालते. लायसन्सही देशभर चालते. कागदपत्रे डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये दाखवली तरी ग्राह्य धरली जातात. पण कलम ४७ नुसार गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी मूळ आरटीओकडून एनओसी आणावी लागते. थर्ड पार्टी विमा तर दोन्हीकडे हवाच.

ट्रेलरजवळ काय करायचे?
खरा धोका दंडाचा नाही, ट्रेलरचा आहे. केबिन उंच असल्याने अगदी पुढे, अगदी मागे आणि डाव्या बाजूला चिकटून असलेली दुचाकी ड्रायव्हरला दिसत नाही. साधी खूण लक्षात ठेवा : त्याच्या आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

ट्रेलर डावीकडे वळताना मागची चाके आतून, कडेला घासून येतात. त्यामुळे डाव्या बाजूने घुसू नका. थांबा, त्याला वळू द्या. ६० च्या वेगाने दोन सेकंदांत गाडी ३३ मीटर पुढे जाते. तेवढे अंतर ठेवा, पावसात दुप्पट. उभ्या ट्रेलरला मागून धडक बसू नये म्हणून रात्री वेग आणखी कमी ठेवा.

अपघात झालाच तर
१०८ ला फोन करा. कलम १३४-अ मुळे मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना नाव सांगायची सक्ती करू शकत नाही. केंद्राच्या मे २०२५ च्या योजनेनुसार जखमीवर नोंदणीकृत रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार विनारोकड होतात.

शिफ्टला पाच मिनिटे उशीर झाला तर फार तर हजेरीत लागेल. गावाकडे घरचे वाट बघतात ती माणसाची.