सामर्थ्यवान मोटार आणि तिची निगा

पावागडच्या बाजूने आपल्या बडोद्याकडे दोन गोष्टी येतात. एक विश्वामित्री नदी. ती त्या डोंगरात उगम पावते आणि आपल्या मगरींसह शहराच्या मधून वाहत जाते. दुसरी गोष्ट म्हणजे गडाच्या पायथ्याशी वसलेल्या हालोलच्या कारखान्यात तयार होणाऱ्या मोटारी. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस या दोहोंची गाठ पडली. विश्वामित्रीचे पाणी शहराच्या सखल भागांत शिरले आणि दारोदारी उभ्या असलेल्या मोटारी त्यात बुडाल्या. त्यांत लहान गाड्या होत्या, तशाच ज्यांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एस.यू.व्ही.’ म्हणतात अशा उंच, धिप्पाड आणि महागड्या गाड्याही होत्या. एवढ्या मोठ्या गाडीला पाण्याचे काय भय, अशी समजूत पुष्कळांची असते. ती कोठे चुकते, आणि अशी गाडी घरी बाळगणाऱ्याने तिच्याविषयी काय जाणून असावे, हे या लेखात पाहावयाचे आहे.

या गाड्यांचा मूळपुरुष म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील जीप. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईच्या माझगावात महिंद्र कंपनीने तिची जुळणी सुरू केली. ती साधी, उघडी आणि कष्टाळू गाडी होती. वेगाची हौस तिला नव्हती. आजची एस.यू.व्ही. तिचीच वंशज असली, तरी तिने जीपची उंची घेतली आणि त्यावर शर्यतीच्या मोटारीचे बळ चढविले. हालोलच्या कारखान्यातून २०२० साली बाहेर पडलेल्या एम.जी. ‘ग्लॉस्टर’चे उदाहरण घेऊ. लांबी जवळजवळ पाच मीटर, वजन दोन टनांहून अधिक आणि दोन टर्बो बसविलेल्या अवघ्या दोन लिटरच्या डिझेल इंजिनाची शक्ती सुमारे २१५ अश्वशक्ती. जुन्या ॲम्बॅसडर मोटारीची शक्ती पन्नास अश्वशक्तीच्या आसपास होती, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. चार ॲम्बॅसडरांचे बळ एका गाडीत कोंडले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र ते बळ वापरले की त्याचा हिशेब कोठेतरी चुकता करावा लागतो, आणि तो बहुधा ब्रेक व टायर यांना करावा लागतो.

दहावीच्या विद्यार्थ्यांना हा हिशेब सहज करता येईल. गतिमान वस्तूची ऊर्जा वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. माणसांसह २,२०० किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर वेगाने चालली आहे, असे धरू. तिची ऊर्जा साडेआठ लक्ष ज्यूल भरते. ब्रेक दाबून गाडी थांबविली की ही ऊर्जा नाहीशी होत नाही. तिची उष्णता होते. एवढ्या उष्णतेने माठातील जवळजवळ तीन लिटर पाण्याला उकळी फुटेल! वेग निम्मा केला तर उष्णता निम्मी नव्हे, चौथाई होते. म्हणजे ताशी ५० च्या वेगाला पाऊण लिटर पाणीसुद्धा पुरते तापणार नाही.

बडोदे ते अहमदाबाद या ९३ किलोमीटरांच्या द्रुतगती मार्गावर हाच हिशेब अंतराच्या रूपाने समोर येतो. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर ताशी १०० च्या वेगाने गाडी तेवढ्यात २८ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरांवर तिला थांबावयास आणखी सुमारे ५५ मीटर लागतात. एकूण ऐंशी मीटरांहून अधिक! गाडी जड असल्यामुळे हे अंतर फारसे वाढत नाही, हेही सांगितले पाहिजे. वाढतो तो ब्रेकवरील उष्णतेचा भार. म्हणून जड आणि वेगवान गाडीचे ब्रेक पॅड लवकर झिजतात व त्यांची तपासणी वारंवार करावी लागते.

ब्रेकच्या नळ्यांतील द्रवाकडे मात्र बहुतेकांचे लक्ष जात नाही. हा द्रव हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेतो. प्रचलित ‘डॉट ४’ जातीचा नवा द्रव निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओलावा शोषलेल्या द्रवासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. पावागडावर माचीपासून खाली उतरताना कोणी सतत ब्रेकवर पाय ठेवून आला, तर तापलेल्या द्रवात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे पाय थेट तळाला जातो आणि गाडी थांबत नाही. हा द्रव साधारणतः दर दोन वर्षांनी बदलून घ्यावा आणि उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरावे. ग्लॉस्टरसारख्या स्वयंचलित गिअरच्या गाडीतही हाताने खालचा गिअर धरून ठेवता येतो, ही गोष्ट कित्येक मालकांना गाडी विकेपर्यंत ठाऊक नसते.

टायरांचे प्रकरण थोडक्यात आटोपू. हवेचा योग्य दाब किती, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या पट्टीवर लिहिलेले असते. तो दाब टायर थंड असताना, सकाळी, मोजावयाचा. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते आणि त्या वाकण्याने तापते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा द्रुतगती मार्गावर असा टायर फुटावयास फार वेळ लागत नाही. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्याने बाद. नायट्रोजन भरून घेण्याची सध्या फॅशन आहे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. तेव्हा दाब नियमाने मोजणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही.

आता इंजिनाकडे वळू. लहान इंजिनातून एवढे बळ निघते ते टर्बोमुळे. बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या जोराने एक चक्र फिरते आणि ते इंजिनात जास्त हवा कोंबते. या चक्राचे फेरे मिनिटाला लाखाच्या वर जातात. ते ज्या आसावर फिरते, त्याला आधार असतो तो केवळ ऑइलच्या पातळ थराचा. म्हणून अशा इंजिनाला पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच ऑइल, आणि वेळेवर, लागते. पन्नास अश्वशक्तीच्या इंजिनाने सोसलेली हयगय हे इंजिन सोसत नाही. लांब पल्ल्याच्या वेगवान धावेनंतर लगेच किल्ली न फिरविता मिनिटभर इंजिन मंद चालू द्यावे. चक्राला निवावयास वेळ मिळतो.

उलट, गाडी फार जपून वापरण्यानेही बिघडते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी.एस. ६ नियमांनंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी एक गाळणी असते. अडकलेली काजळी जाळून टाकण्यास ती गाळणी चांगली तापावी लागते. जी गाडी रोज रावपुऱ्यापासून अलकापुरीपर्यंत जाते आणि पुन्हा दारात उभी राहते, तिची गाळणी तापतच नाही व शेवटी तुंबते. अशा गाडीला अधूनमधून महामार्गावर अर्धा तास एका लयीत चालविणे, हाच तिचा व्यायाम. ज्याचे सारे जाणे-येणे शहरातच आहे, त्याने एवढी बलाढ्य डिझेल गाडी घ्यावी का, याचा विचार घरात आधी झाला तर बरे.

आणखी एक गोष्ट हालोलनेच शिकविली आहे. एम.जी.च्या आधी तोच कारखाना जनरल मोटर्सचा होता. १९९६ पासून तेथे मोटारी बनत. २०१७ च्या एप्रिलमध्ये तो बंद झाला आणि त्या वर्षअखेर त्या कंपनीने भारतात गाड्या विकणेही थांबविले. कंपनी गेली तरी रस्त्यावरच्या गाड्या राहतात, आणि त्यांना सुटे भाग लागतातच. तेव्हा गाडी घेताना तिच्या रूपाबरोबर तिचे भाग किती वर्षे व कोठे मिळतील, आणि गावातला कोणता मिस्त्री तिला हात लावील, याचीही चौकशी करावी.

आता मूळ प्रश्न, पाण्याचा. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला. २०२४ चा पूर तर वर सांगितलाच आहे. अशा वेळी उंच गाडीचा मालक पाण्यात गाडी घालतो. त्याचे काय होते?

डिझेल इंजिनाच्या नळकांड्यात पिस्टन वर जाताना हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या सोळाव्या हिश्शाच्या आसपास दाबतो. दोन लिटरच्या चार नळकांड्यांपैकी प्रत्येकात पिस्टनची धाव ५०० घनसेंटिमीटरची. म्हणजे पिस्टन माथ्याला पोहोचतो तेव्हा वर उरलेली जागा सुमारे ३३ घनसेंटिमीटर. दोन मोठे चमचे आणि वर थोडे! हवेच्या नळीतून तेवढ्याहून अधिक पाणी आत गेले, तर पिस्टनला वर जाण्यास वाट उरत नाही, कारण पाणी दाबले जात नाही. इंजिनाचे बळ मग पिस्टनला जोडलेल्या दांड्यावरच उलटते आणि तो दांडा वाकतो. बळ जितके अधिक, तितकी मोडतोड मोठी. दोन चमचे पाण्यापायी लक्षावधी रुपयांचे इंजिन जाते ते असे.

गाडी किती खोल पाण्यातून नेता येते, याचा आकडा कंपन्या देतात. २०२० साली आलेल्या महिंद्र ‘थार’साठी तो ६५० मिलिमीटर होता. पण तो आकडा शांत पाण्याचा आणि सावकाश चालीचा असतो. वेगाने घुसल्यास गाडीपुढे लाट उठते, आणि समोरून येणारी बसही आपली लाट घेऊन येते.

वाहत्या पाण्याचा धोका तर याहून वेगळा आहे. पाच मीटर लांब व दोन मीटरांस किंचित कमी रुंद गाडीचा तळ सुमारे नऊ चौरस मीटर. आर्किमिडीजच्या सिद्धान्ताने पाणी तळाच्या वर दर १० सेंटिमीटर चढले की गाडीला जवळजवळ ९०० किलोग्रॅमांचा आधार मिळतो. हिशेब ढोबळ आहे, कारण पाणी आतही शिरते. तरी पाव मीटर चढताच २,२०० किलोची गाडी रस्त्यावरची पकड गमावते. अमेरिकेचे हवामान खाते लोकांना हेच बजावते, की दोन फूट वाहते पाणी बहुतेक मोटारी, एस.यू.व्ही.सुद्धा, वाहून नेऊ शकते. त्या वेळी २१५ अश्वशक्ती चाकांपाशी असतात, पण चाकांखाली रस्ता नसतो.

गाडी उभ्या जागी बुडालीच, तर पाणी ओसरल्यावर ती चालते का, हे पाहण्याचा मोह आवरावा. किल्ली फिरवू नये. जाणत्या माणसाकडून बॅटरीची जोडणी सोडवावी आणि गाडी उचलून, चाके न फिरविता, गॅरेजमध्ये न्यावी. ऑइल दुधट रंगाचे दिसले की त्यात पाणी मिसळले असे समजावे. इंजिनाबरोबर गिअरबॉक्सचे व डिफरन्शियलचे ऑइलही बदलावे लागते. विम्याच्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराची हानी येते. परंतु बुडालेली गाडी सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिन मोडले, तर ती भरपाई साधारणतः नाकारली जाते, वेगळे इंजिन-संरक्षण घेतलेले असल्याखेरीज. पॉलिसीचा तो कागद पावसाळ्यापूर्वी एकदा वाचून ठेवावा.

पुरात सापडलेल्या गाड्या धुऊन-पुसून पुढे जुन्या बाजारात येऊ शकतात, हे ध्यानात घेऊन वापरलेली एस.यू.व्ही. घेणाऱ्याने रंगाच्या चकाकीवर जाऊ नये. पायाखालचा गालिचा उचलून वास घ्यावा, आसनांच्या बोल्टांना गंज चढला आहे का पाहावे, आणि सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून बाहेर काढावा. गाडी धुणाऱ्याचा हात तेथवर बहुधा पोहोचत नाही. विश्वामित्रीचा गाळ त्या पट्ट्याच्या शेवटच्या हातभर लांबीवर तसाच राहिलेला सापडतो.