डाग पुसताना अनुस्वार जातो

जुनं खरेदीखत मोबाइलने स्कॅन केलं की मळकट कागद पांढराशुभ्र होतो आणि अक्षरं काळीभोर. पडद्याआड दोन कामं झालेली असतात. आधी छटा उजळल्या जातात, मग शाई कुठली आणि कागद कुठला याची वाटणी होते. भानगडी होतात त्या वाटणीत.

संगणकाच्या लेखी करडी प्रतिमा म्हणजे आकड्यांचा तक्ता. 0 म्हणजे काळं, 255 म्हणजे पांढरं. विटलेल्या कागदावर समजा सगळ्या छटा 120 ते 190 एवढ्यातच अडकल्या आहेत. मग 120 ला 0 करायचं, 190 ला 255 आणि मधल्यांना त्याच प्रमाणात पसरवायचं. अक्षरं उठून दिसतात. पण छटा 71 होत्या, त्या 71 च राहतात. कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही, ते यातून येत नाही. उलट शाईसोबत चहाचा डागही ठसठशीत होतो.

वाटणीसाठी जपानच्या नोबुयुकी ओत्सू यांनी 1979 साली मांडलेली पद्धत आजही सर्रास वापरतात. ज्या आकड्याखाली शाई आणि वर कागद, त्या सीमेचा प्रत्येक आकडा तपासून बघायचा आणि ज्या आकड्याला गडद व फिक्या गटांतली तफावत सर्वांत जास्त निघेल तो पक्का करायचा. माणसाने काही सुचवावं लागत नाही. पद्धत देखणी आहे, पण अख्ख्या पानाला सीमा एकच. फोटो काढताना हाताची सावली पडली, की त्या सावलीतला कोरा कागदही शाईत जमा!

यावर फिनलंडच्या साउव्होला आणि पिएतिकाइनेन यांनी 2000 साली मांडलेला तोडगा मला जास्त शहाणपणाचा वाटतो. ते प्रत्येक पिक्सेलभोवतीचा छोटा चौकोन पाहून त्या पिक्सेलपुरती सीमा एका सूत्राने ठरवतात. चौकोनाची सरासरी छटा 160 आहे असं धरू. आत चढउतार फारसे नसतील, म्हणजे प्रमाण विचलन 10 च असेल, तर सूत्राच्या नेहमीच्या मापांनी सीमा 86 पर्यंत उतरते आणि फिकट डाग कागदातच राहतो. अक्षरामुळे विचलन 50 झालं, तर सीमा 111 वर चढते.

एवढं करूनही बारीक ठिपके उरतात. ते कचरा समजून पुसण्याची सोय असते आणि आपल्या लिपीला ती महागात पडते. शिरोरेघेमुळे अख्खा शब्द सलग एक तुकडा ठरतो, पण अनुस्वार सुटा राहतो, म्हणून तो ठिपक्यांबरोबर जाऊ शकतो. खतातल्या ‘त्यांचे शेत’चं ‘त्याचे शेत’ झालं, तर वाटेकरीच गायब!

म्हणून घरचे कागद स्कॅन करताना ‘ब्लॅक अँड व्हाइट’ प्रत हवी तर वाचायला काढा, जपायची प्रत मात्र रंगीत किंवा करडीच ठेवा. करड्यावरून काळी-पांढरी केव्हाही करता येते, काळ्या-पांढऱ्यावरून मूळ छटा परत मिळत नाहीत.