दूध पुरत नाही, हे ठरवलं कोणी?

‘पोर रडतंय, तुझं दूध पुरत नाही गं’ हे वाक्य बाळंतिणीच्या कानावर पहिल्या आठवड्यातच पडतं आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. पहिल्या दिवशी येतो तो चीक, तोही चमचा-दोन चमचे. बाळाच्या पोटात एका वेळी मावतं तेवढंच. घट्ट, पिवळसर दिसतो म्हणून तो पिळून टाकून मध चाटवणं म्हणजे रोगाशी लढणारं पहिलं बळ ओतून देणं. शिवाय मधातून बोट्युलिझम या आजाराचा धोका असतो, म्हणून वर्षाच्या आत मध नकोच. दवाखान्यात बाळंतपण झालं म्हणजे सगळं निभावलं, असंही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, पण पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळं ४१.८ टक्केच होती.

दूध तयार होतं ते बाळाच्या ओढण्यावर. वरचं दूध सुरू केलं की बाळ कमी ओढतं, म्हणून आईचं दूध खरंच कमी होतं आणि सासूबाईंची शंका खरी ठरते! छातीच्या आकाराशी याचा संबंध नाही. बाळाच्या तोंडात नुसतं बोंड आहे की भोवतालचा काळा भागही, हे आधी पाहावं. पहिला आठवडा सरल्यावर दिवसभरात सहा-सात वेळा शू होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय.

लातूरच्या मे महिन्यात तान्ह्याला पाणी नको कसं, हा आक्षेप हमखास येतो. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं; तहान लागली की बाळ जास्त वेळा पितं, आणि सहा महिने ते पुरतं. पाणी जास्त प्यायला हवं ते आईनं. उलट पावडरीच्या दुधाला उकळलेलं पाणी लागतं, भांडी धुवायला पुन्हा पाणी. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात बाटलीचा हिशेब नुसत्या डब्याच्या किमतीवर करून भागत नाही.

मग ज्यांना खरंच जमत नाही त्यांचं काय? काही औषधं, काही आजार, फार अशक्त बाळ ही कारणं खरी आहेत. तिथे डॉक्टरांच्या सल्ल्यानं पावडर द्यावी, शक्यतो वाटी-चमच्यानं, आणि आईला कोणी टोमणा मारू नये. १९९२ चा कायदा पावडर-बाटलीच्या जाहिरातींना बंदी घालतो, ती वापरणाऱ्या आईला नव्हे. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण ती नोकरदारणीला. खुरपायला जाणाऱ्या बाईची मजुरी त्याच दिवशी बुडते. तिला ‘अंगावरच पाज’ असं बजावणाऱ्यांनी आधी तिच्या घरचं पाणी भरावं, भाकरी थापावी आणि दुपारी बाळ बांधावर नेऊन द्यावं.