नाकाचे ऑपरेशन, ऊन आणि आपली त्वचा

परीक्षा संपल्या की एप्रिल-मे महिन्यांत पुष्कळ घरांत राहून गेलेली ऑपरेशने उरकली जातात. त्यांत नाकाचे ऑपरेशनही असते. कुणाच्या नाकाचा पडदा वाकडा असतो, कुणाचे हाड मोटरसायकलवरून पडून मोडलेले असते, तर कुणाच्या नाकात जन्मापासून दोष असतो. ऑपरेशन नीट होते, पट्टी निघते, टाके निघतात आणि घरात अल्लाहचे शुक्र अदा केले जाते. मग महिना-दोन महिन्यांनी नाकावर किंवा डोळ्यांखाली तपकिरी डाग दिसू लागतो. मुलगी लग्नाची असेल तर अम्मीच्या जिवाला घोर लागतो. डॉक्टरला बोल लावला जातो आणि कुणीतरी सुचवलेले गोरेपणाचे क्रीम घरात येते. खरे कारण बऱ्याचदा ऊन असते. म्हणूनच या विषयावर आम्ही थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आधी एक शंका दूर करू. असे ऑपरेशन जायज आहे का, असे अनेकजण विचारतात. 2007 साली मलेशियातील पुत्रजाया येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने या प्रश्नावर ठराव केला. जन्मजात दोष, अपघात किंवा आजाराने आलेले व्यंग दूर करणे हा इलाज आहे, म्हणून त्याला परवानगी आहे. केवळ हौसेखातर चेहरा बदलणे मात्र नाजायज ठरवले आहे. तेव्हा इलाज करून घेतलेल्या मुलाने किंवा मुलीने लाजण्याचे काही कारण नाही. लपवाछपवीमुळे नुकसानच होते, कारण मग काळजी घेणेही लपूनछपून होते.

ऊन एवढे का बाधते?

जखम भरताना त्वचा सुजलेली आणि लालसर असते. अशा वेळी रंग तयार करणाऱ्या पेशी आधीच चेतलेल्या असतात. त्यांवर उन्हातील अतिनील किरण पडले की त्या गरजेपेक्षा जास्त रंग सोडतात आणि डाग उमटतो. गोऱ्यांपेक्षा आपल्यासारख्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेला हा धोका अधिक असतो. "आम्हाला उन्हाची सवय आहे" हे म्हणणे म्हणूनच इथे चालत नाही. त्यातच नाक हा चेहऱ्याचा सर्वांत पुढे आलेला भाग, त्यावर ऊन सरळ पडते. चिकटपट्टी निघाल्यावर तिच्याखालची त्वचाही काही दिवस नाजूक असते.

पडद्याच्या साध्या ऑपरेशनमध्ये छेद नाकाच्या आतून घेतात, त्यामुळे बाहेर व्रण राहत नाही. तरीही पहिले दोन आठवडे कडक उन्हात फिरल्यास किंवा चुलीजवळ बसल्यास सूज वाढू शकते, नाकातून रक्त येऊ शकते. हाड बसवले असेल किंवा बाहेरून छेद असेल तर काळजी जास्त दिवस घ्यावी लागते. डोळ्यांखालचे काळे-निळे वळ साधारण दोन-तीन आठवड्यांत जातात. तोपर्यंत त्यांना ऊन लागू देऊ नये. बाहेरचा व्रण पक्का व्हायला वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. निदान पहिले सहा महिने उन्हापासून जपावे, वर्षभर जपले तर उत्तम.

काही औषधांनीही त्वचा उन्हाला हळवी होते. मुरुमांसाठी दिले जाणारे डॉक्सीसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइन आणि ट्रेटिनॉइनचे क्रीम ही त्यांतली काही. यांपैकी काही चालू असेल तर ऑपरेशनपूर्वीच सर्जनला सांगावे.

सनस्क्रीन आणि वुजू

ओल्या जखमेवर किंवा टाक्यांवर सनस्क्रीन लावायचे नाही. त्वचा पूर्ण मिटल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच सुरू करावे. तोपर्यंत सावली आणि छत्री हाच उपाय. एसपीएफ 30 किंवा त्याहून अधिक, सुगंध नसलेले आणि झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन नाजूक त्वचेला मानवते. ते बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटे लावावे. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधले बोट यांवर मावेल इतके क्रीम लागते. वाटाण्याएवढ्याने काम होत नाही.

दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते. मग दिवसातून पाच वेळा वुजू करणाऱ्याने काय करावे? हिशेब सोपा आहे. फजर, मगरिब आणि इशा यांच्या वेळी उन्हाचा प्रश्न नसतो. कडक ऊन सकाळी दहा ते दुपारी चार. म्हणून जोहर आणि असरच्या वुजूआधी क्रीम हलक्या हाताने धुऊन टाकावे, वुजू करावी, चेहरा टिपून कोरडा करावा आणि बाहेर जायचे असेल तर पुन्हा लावावे. पाणी त्वचेपर्यंत पोहोचले की नाही ही शंकाही त्यामुळे राहत नाही.

नाकावर पट्टी असताना किंवा नाकात पाणी घेण्यास डॉक्टरांनी मनाई केली असताना शरिअतने सवलत ठेवली आहे. मसह करायचा की तयम्मुम, हे आपल्या आलिमांना विचारावे. कोकणात बहुतेक घरे शाफई, देशावर हनफी. तपशिलात थोडा फरक पडतो. सुरुवातीच्या दिवसांत वाकल्याने नाकावर दाब येतो, म्हणून सजदा इशाऱ्याने करण्याची मुभाही आहे. किती दिवस, ते सर्जनला नेमके विचारून घ्यावे.

हिजाब, नकाब आणि चष्मा

हिजाबने केस आणि मान झाकली जाते, नाक उघडेच राहते. नकाबचे घट्ट विणीचे कापड ऊन चांगले अडवते, पण ते नाकावर आवळून बांधू नये. सैल, सुती आणि रोज धुतलेले असावे. घाम आणि घर्षण यांनीही डाग पडतो. हाड बसवले असेल तर चार ते सहा आठवडे चष्मा किंवा गॉगल नाकावर टेकवायचा नसतो. नमाजची टोपी चेहऱ्यावर सावली देत नाही, म्हणून मुलांनी कडेची टोपी किंवा छत्री वापरावी. ढगाळ दिवशीही अतिनील किरण खाली येतात, आणि समुद्रकाठच्या वाळूवरून ते उलटून चेहऱ्यावर पडतात.

उमराहचा बेत असेल तर ऑपरेशनची तारीख डॉक्टरांशी बोलून ठरवावी. एहराममध्ये सुगंधी क्रीम चालत नाही, पुरुषांना डोके झाकता येत नाही आणि स्त्रियांना नकाब बांधता येत नाही. छत्री मात्र चालते.

डाग पडलाच तर

लिंबू लावू नये. लिंबाच्या रसावर ऊन पडले की त्वचा भाजते आणि डाग आणखी गडद होतो. बेसन-मुलतानी मातीने घासणे, ब्लीच करणे हेही टाळावे. सर्वांत मोठा धोका दुकानातून चिठ्ठीविना घेतलेल्या गोरेपणाच्या क्रीमचा आहे. काहींत स्टेरॉइड असते. त्याने आठवडाभर चेहरा उजळ दिसतो, पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते, केस येतात. काहींत पारा असतो, आणि तो किडनी बिघडवतो. डाग घालवायला गेले आणि किडनी गमावून बसले, असे कुणाच्या घरी होऊ नये. असे डाग बहुधा काही महिन्यांत आपोआप फिके होतात. ऊन टाळणे हाच त्यावरचा पहिला इलाज. तरी न गेले तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

ताप, पू, वाढती लाली किंवा न थांबणारे रक्त दिसले तर मात्र वाट पाहू नये, त्याच दिवशी सर्जनला गाठावे.

शरीर ही अल्लाहने सोपवलेली अमानत आहे. इलाजावर हजारो रुपये खर्च केल्यानंतर छत्री आणि थोडा सब्र एवढ्यासाठी कमी पडू नये. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो, आमीन.