एकही सूर न वाजविणारा संगीतकार

मावळातील एखादे ढोल-लेझीम पथक रंगात आले, की पाहणाऱ्यांचे लक्ष ढोलांकडे आणि लेझमीच्या तालाकडे असते. खेळ बदलण्याची खूण करणारा, शिट्टी वाजविणारा म्होरक्या फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. पण त्याची खूण चुकली तर साऱ्या पथकाची पावले एकमेकांत अडकतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या संचालकाचे काम याच जातीचे आहे. मात्र त्याचा व्याप कितीतरी मोठा.

आपल्या रागसंगीतात कलावंत मैफलीतच राग फुलवीत जातो. सिम्फनीत प्रत्येक स्वर आधीच लिहिलेला असतो. वादकासमोर केवळ त्याच्या वाद्याचे स्वरलेखन असते; संपूर्ण रचना फक्त संचालकापुढे असते. साधारणपणे तो उजव्या हाताने लय दाखवितो आणि डाव्या हाताने स्वरांची तीव्रता, वाद्यांचा प्रवेश सुचवितो. खरे काम मात्र तालमीत होते. स्वतः एकही सूर न काढता शंभर जणांकडून एकच अर्थ वदवून घ्यायचा, ही त्याची कला.

या कलेतील भारताचे सर्वात मोठे नाव म्हणजे झुबिन मेहता. २९ एप्रिल १९३६ रोजी मुंबईतील पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. त्यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली होती. त्यामुळे झुबिन यांचे बालपण सुरांच्या सहवासातच गेले. वैद्यकीय शिक्षणाच्या दिशेने सुरू झालेला अभ्यास अर्धवट सोडून १९५४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते व्हिएन्नाला गेले आणि हान्स स्वारोव्स्की यांचे शिष्य झाले.

पुढची वाटचाल वेगाने झाली. १९५८ साली लिव्हरपूल येथील संचालकांच्या स्पर्धेत ते विजयी झाले. मॉन्ट्रियलपाठोपाठ १९६२ साली लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाची सूत्रे त्यांच्या हाती आली. १९७८ ते १९९१ अशी तेरा वर्षे ते न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकचे प्रमुख होते. पंडित रविशंकर यांचा दुसरा सतार कन्चेर्टो याच वाद्यवृंदाने १९८१ साली मेहतांच्या संचालनाखाली प्रथम सादर केला. इस्रायल फिलहार्मॉनिकशी जडलेले त्यांचे नाते २०१९ साली त्यांनी पद सोडेपर्यंत अर्धशतक टिकले. १९९४ साली सारायेव्हो येथील उद्ध्वस्त ग्रंथालयात त्यांनी मोझार्टचे 'रिक्विएम' सादर केले. भारत सरकारने त्यांना १९६६ साली पद्मभूषण व २००१ साली पद्मविभूषण देऊन गौरविले.

हे सारे यश मुंबईत राहून मिळाले असते काय? व्हायोलिनवादक आपल्या खोलीत बसून रियाझ करू शकतो. संचालकाचे वाद्य म्हणजे जिवंत माणसांचा समूह. तो समूह नसेल, तर त्याची प्रतिभा मुकीच राहते.

या संदर्भात बाल्टिक किनाऱ्यावरील एस्टोनियाचे उदाहरण बोलके आहे. त्या देशाची लोकसंख्या जेमतेम तेरा-चौदा लाख, म्हणजे एकट्या पुणे शहराच्या निम्म्याहूनही कमी. तरीही तेथे १८६९ सालापासून समूहगायनाचे महोत्सव भरतात आणि १९२६ साली रेडिओच्या आश्रयाने उभा राहिलेला वाद्यवृंद आज राष्ट्रीय वाद्यवृंद म्हणून नांदतो आहे. मेहतांपेक्षा एका वर्षाने लहान असलेले नीमे यार्वी याच वाद्यवृंदाचे दीर्घकाळ प्रमुख होते. १९६८ साली त्यांनी आर्वो पॅर्ट यांची 'क्रेडो' ही ख्रिस्ती श्रद्धेचा उच्चार करणारी रचना सादर केली आणि सोव्हिएत अधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. अखेर १९८० साली त्यांनी देश सोडला. गोथेनबर्ग आणि डेट्रॉइट येथे त्यांनी कीर्ती मिळविली. पाव्हो आणि क्रिस्टियान हे त्यांचे पुत्रही नामांकित संचालक झाले.

यार्वींना राजसत्तेने देशाबाहेर लोटले. मेहतांना संस्थेच्या अभावाने. मुंबईत एनसीपीएच्या पुढाकाराने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद उभा राहिला तो २००६ साली, मेहतांनी शहर सोडल्यानंतर बावन्न वर्षांनी. आजही त्यातील अनेक वादक परदेशातून येतात. मेहतांचा अभिमान बाळगणे सोपे आहे. पण पुढच्या झुबिनला अठराव्या वर्षी विमान पकडावे लागू नये, यासाठी शाळाशाळांतून वादक घडविणे, हे खरे काम आहे.