दोन ऑनलाइन दुकानं, एकच खातं: चेकआउटवर नाव कुणाचं दिसतं?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत मोबाइलवरून स्वतःचं ऑनलाइन दुकान चालवणारे आता बरेच जण आहेत. काहींची तर दोन-दोन दुकानं आहेत. डोंबिवलीतल्या माझ्या एका मैत्रिणीची एक साइट नथ-ठुशीची आहे आणि दुसरी दिवाळीच्या फराळाची. दोन्हींची तांत्रिक बाजू मी बघतो. बँक खातं आणि पेमेंट गेटवे मात्र एकच.

आता विचार करा, कल्याणच्या कुणीतरी चकलीची ऑर्डर दिली आणि पैसे भरताना समोर दागिन्यांच्या दुकानाचा लोगो आला. तो काय करेल? सरळ बॅक दाबेल. आणि त्याचं बरोबरच आहे! म्हणून चेकआउटचं ब्रँडिंग प्रत्येक दुकानासाठी वेगळं सेट करावं लागतं. ते तीन ठिकाणी तपासायचं.

१. दुकानाचं चेकआउट पेज
शॉपिफायवर प्रत्येक स्टोअरचं चेकआउट स्वतंत्र असतं. सेटिंग्जमध्ये चेकआउट उघडा, कस्टमाइझवर जा आणि लोगो, रंग, फॉन्ट बदला. एका स्टोअरमधला बदल दुसऱ्यात आपोआप जात नाही, त्यामुळे हे काम दोनदा करायचं. बटणाचा रंग निवडताना त्यावरची अक्षरं उन्हातही वाचता येतात का, ते बघा. पिवळ्यावर पांढरी अक्षरं नकोच.

२. पेमेंट गेटवेची खिडकी
रेझरपेसारख्या गेटवेच्या खिडकीत दिसणारं नाव, लोगो आणि रंग साइटच्या कोडमधून देता येतात. म्हणजे खातं एकच असलं तरी फराळाच्या साइटवर फराळाचं नाव दाखवता येतं. फक्त दुसऱ्या साइटचा पत्ता आधी गेटवेकडे नोंदवा. नोंद नसलेल्या साइटवरून आलेलं पेमेंट अडवलं जाऊ शकतं.

३. ग्राहकाचं यूपीआय ॲप
इथे आपली डिझाइन चालत नाही. तुम्ही साधा क्यूआर किंवा यूपीआय आयडी देऊन पैसे घेत असाल, तर ॲपमध्ये बँकेत नोंदवलेलं नाव दिसतं. एनपीसीआयने ॲप्सना यासाठी ३० जून २०२५ ची मुदत दिली होती. फसवणूक रोखणं हाच त्यामागचा हेतू. गेटवेतून पैसे घेतले तरी तिथे दुकानाच्या नावाऐवजी नोंदणीचं नाव दिसू शकतं.

मग उपाय काय? ग्राहकाला आधीच सांगा. बटणाच्या वर एक ओळ टाका: 'पेमेंट करताना अमुक नाव दिसेल, ते आमचंच आहे.' तेच नाव साइटच्या तळाशी आणि ऑर्डरच्या ईमेलमध्येही लिहा. तसंही २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार व्यवसायाचं कायदेशीर नाव, पत्ता आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो.

ही एक ओळ मला लोगोपेक्षा महत्त्वाची वाटते. लोगो आणि रंग कुणीही पाच मिनिटांत चोरू शकतो, पण बँकेतलं नाव बदलणं तितकं सोपं नाही. 'नाव वेगळं दिसलं तरी भरा हो पैसे' असं आपणच ग्राहकांना शिकवलं, तर उद्या एखादा भामटा त्याच सवयीचा फायदा घेईल.

सगळं सेट झालं की दोन्ही दुकानांतून स्वतः एकेक छोटी ऑर्डर द्या, तीही दुसऱ्याच्या फोनवरून. शेवटच्या स्क्रीनवर दिसणारं नाव आणि तुम्ही साइटवर लिहिलेलं नाव जुळलं, की दुकान उघडायला हरकत नाही.