दंतवैद्याच्या खुर्चीत व्हीआर चष्मा

व्हीआर (आभासी वास्तव) चष्म्यामुळे सुई दिसत नाही आणि हेडफोनमुळे ड्रिलची घरघर दबते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला मात्र, काही दिसत नसताना तोंडात बोट गेलं, तर उलट दचकायला होतं. म्हणून ‘सांगा, दाखवा, मग करा’ ही १९५९पासूनची रीत आधी. चष्मा मागाहून, शक्यतो घरी सराव करून. अपस्मार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. वरच्या पुढच्या दातांच्या कामात चष्मा आडही येतो.

चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखानापट्ट्यात बदलून आलेल्या अशा मुलांच्या पालकांनी हेही टिपून ठेवावं: बहुविकलांगांसाठीची केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था चेन्नईजवळ मुट्टुकाडूला आहे. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत बौद्धिक अक्षमतेसाठी १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो.